काजूच्या पैशांचा लॅपटॉप

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही गोव्यात वाळपईजवळ राहतो. मुलगी जूनपासून म्हापशाला बीसीएला जाणार आहे, मुलगा दहावीत आहे. यंदाच्या काजूतून साठ-पासष्ट हजार बाजूला काढलेत, त्यातून घराला एक लॅपटॉप घ्यायचा आहे. मुलीला अभ्यासाला हवा, मला बचत गटाचे हिशेब आणि ठराव मराठीत लिहायचे असतात, आणि मुलाला व्हॅलोरंट आणि जीटीए खेळायचं आहे. दीर म्हणतात, डोळे झाकून एचपी घ्या. भाचा म्हणतो, असुसशिवाय दुसरं काही बघू नका. दुकानदार लेनोवो पुढे करतो, तर मुलाला एसरचा गेमिंग लॅपटॉपच पाहिजे. दुकानदाराने लिहून दिलेल्या तीन कागदांचे फोटो सोबत पाठवते. नक्की कुठली कंपनी चांगली? आणि गेमिंगवाला घेतला तर मुलगाच तो बळकावून बसेल आणि मुलीचा अभ्यास मागे पडेल, ही माझी भीती चुकीची आहे का?

– एक आई, सत्तरी

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि फोटो मोठे करून तिन्ही कागद नीट पाहिले. मी बरीच वर्षं हायर सेकंडरीच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शिकवलं. एप्रिल-मे आला की पालकांचा पहिला प्रश्न हाच असायचा, कंपनी कुठली घेऊ? घरातल्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा लॅपटॉप घरी येई. तुमच्याकडे तसं होऊ नये म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमच्या पहिल्या कागदावर एचपीचा लॅपटॉप आहे, ४१ हजारांचा. त्यात प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, रायझन ५ ७५२०यू, आणि रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, ८ जीबी. आता ही गंमत बघा, हाच ७५२०यू असुसच्या व्हिवोबुक गोमध्ये येतो, एसरच्या ॲस्पायर ३ मध्ये येतो आणि लेनोवोच्या आयडियापॅड स्लिम ३ मध्येही येतो. म्हणजे तुमचे दीर, भाचा, मुलगा आणि दुकानदार चार वेगवेगळ्या नावांवरून वाद घालतायत आणि चारही डब्यांत एकच चिप मिळू शकते. लॅपटॉपचा प्रोसेसर बहुतेक वेळा इंटेल किंवा एएमडीचा असतो. रॅमच्या चिप बहुतेक वेळा सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉनच्या असतात. जुळणीसुद्धा बऱ्याचदा क्वांटा, कॉम्पाल अशा तैवानी कंत्राटी कंपन्यांकडे होते, आणि त्या एकाच वेळी अनेक ब्रँडना माल पुरवतात. ब्रँडच्या हातात उरतं ते म्हणजे बॉडी, बिजागरी, कीबोर्ड, पंख्यांची मांडणी, कुठला स्क्रीन बसवायचा हा निर्णय, आणि नंतरची सर्व्हिस. या गोष्टी लहान नाहीत. पण त्या एकाच कंपनीच्या ४० हजारांच्या आणि ९० हजारांच्या मॉडेलमध्ये जितक्या बदलतात, तितक्या दोन कंपन्यांच्या एकाच किमतीच्या मॉडेलमध्ये बदलत नाहीत. म्हणून कंपनी आधी ठरवू नका. मॉडेल ठरवा, आणि मग त्या मॉडेलची दुरुस्ती तुमच्या दारापासून किती लांब आहे ते बघा. या दोन गोष्टी जिथे जुळतील तो तुमचा ब्रँड.

पहिला कागद मात्र मी लगेच बाजूला ठेवला. प्रोसेसरचं नाव ७००० मालिकेतलं आहे म्हणून तो नवा वाटतो. एएमडीच्या या मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा बघायचा असतो, चिपची खरी पिढी तिथे कळते. ७५२० मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ ही जुनी रचना. ७५३० मध्ये ३, म्हणजे झेन ३. ७५४० मध्ये ४. शिवाय ७५२०यू मध्ये चारच कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, आहेत आणि त्यातलं रेडिऑन ६१०एम हे ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग, अगदीच बेताचं आहे. नुसती टायपिंग, बँकेचं काम, यूट्यूब एवढ्याला तो चालेल. बीसीएची तीन वर्षं आणि मुलाचे खेळ या दोन्हींचं ओझं त्याच्यावर टाकू नका. पैसे वाचले असं वाटेल, पण दुसऱ्याच वर्षी तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कागदात मला जास्त रस वाटला. दुसरा लेनोवो आयडियापॅड, ५९ हजार, १६ जीबी. तिसरा एसर नायट्रो, ६८ हजार, त्यात एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड. आणि दोन्हींत प्रोसेसर अगदी तोच, कोअर आय५-१३४२०एच. वरचे नऊ हजार मोजून तुम्हाला ग्राफिक्स कार्ड, मोठे पंखे आणि सेकंदाला जास्त वेळा चित्र बदलणारा स्क्रीन मिळतो. बीसीएच्या अभ्यासाला यातलं काहीच लागत नाही. सी, जावा, पायथन, डेटाबेस, थोडं वेब डिझाइन ही कामं प्रोसेसर आणि रॅमवर चालतात, ग्राफिक्स कार्डावर नाही.

मग खेळांना लागतं का? व्हॅलोरंट हा खेळ मुद्दामच साध्या मशीनवर चालावा असा बांधलेला आहे. त्याच्या किमान अटींत इंटेल एचडी ४००० हे ग्राफिक्सही बसतं, आणि ते २०१२ सालचं आहे. जीटीए ५ पीसीवर आला तो २०१५ साली. आजच्या चांगल्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर तो सेटिंग खाली ठेवून व्यवस्थित खेळता येतो, फक्त डिस्कवर त्याला १०० जीबीच्या वर जागा लागते. म्हणून एसएसडी, म्हणजे फाइली आणि खेळ साठवणारी डिस्क, ५१२ जीबीपेक्षा कमी घेऊ नका. मुलगा उद्या नव्यातल्या नव्या, भारी चित्रांच्या खेळांची नावं घेईल. त्या खेळांना वेगळं कार्ड लागतं हे खरं आहे, आणि ते तुम्ही त्याला सरळ सांगा. पण त्याने मागितलेले दोन खेळ त्याला मिळणार आहेत, हेही तितकंच सरळ सांगा. त्याची मागणी उडवून लावू नका. दहावीतल्या मुलाला घरच्या मोठ्या खरेदीत आपलंही ऐकलं गेलं असं वाटणं गरजेचं आहे.

इथे एक बारीक गोष्ट आहे, दुकानदारही ती बहुधा सांगत नाहीत. नावात शेवटी ‘एच’ असलं की प्रोसेसर ताकदवान, हे बरोबर. पण आय५-१३४२०एच मधलं आतलं ग्राफिक्स त्या मानाने लहान आहे. त्याच्यापेक्षा कमी ताकदीच्या समजल्या जाणाऱ्या आय५-१३३५यू मध्ये ग्राफिक्सची ८० एककं आहेत, १३४२०एच मध्ये फक्त ४८. वेगळं कार्ड बसवायचं असेल तर १३४२०एच उत्तम जोडीदार आहे, नायट्रोत तो त्यासाठीच आहे. वेगळं कार्ड नसेल, आणि वर खेळायचंही असेल, तर दुसरा प्रोसेसर शोधावा. म्हणून दुसऱ्या कागदावरचा लेनोवो वाईट नाही, मुलीला तो उत्तम होईल, व्हॅलोरंटही चालेल, पण जीटीएला मुलगा कुरकुरेल.

माझं उत्तर असं आहे. दुकानदाराला सांगा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, पण प्रोसेसर एकतर रायझन ५ ७५३५एचएस हवा, त्यात रेडिऑन ६६०एम येतं, किंवा कोअर अल्ट्रा ५ १२५एच हवा, त्यात इंटेलचं आर्क ग्राफिक्स येतं. रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी, आणि ओरिजिनल विंडोज ११ घालून आलेलं. या दोनपैकी एक प्रोसेसर तुमच्या पैशांत एचपी, असुस, लेनोवो, एसर, कुणाच्याही डब्यात मिळाला तरी मला चालेल. मिळालाच नाही तर दुसऱ्या कागदावर या. तिसऱ्यावर जाऊ नका.

तिसऱ्यावर नको म्हणण्याचं कारण फक्त नऊ हजार नाहीत. तुमची मुलगी रोज वाळपईहून साखळी, डिचोली करत म्हापशाला जाणार, तीही बसने, बऱ्याचदा उभ्याने. गेमिंग लॅपटॉप दोन किलोच्या वर असतो, आणि त्याचा चार्जर म्हणजे वेगळी वीटच असते. त्यात वह्या, डबा, पाण्याची बाटली, छत्री. पहिला महिना ती हौसेने नेईल, नंतर घरी ठेवून जाईल, आणि मग तो लॅपटॉप आपोआप मुलाचा होईल. तुमची भीती चुकीची नाही ताई. फक्त ती मुलाच्या स्वभावावरून नका ठरवू, वजनावरून ठरवा. दीड-पावणेदोन किलोचा लॅपटॉप मुलीच्या पाठीवर कॉलेजात जाईल, संध्याकाळी घरी येईल, आणि तेव्हा भावाला तास-दोन तास मिळेल. तिचं आणि त्याचं विंडोजमध्ये वेगळं खातं करा, तिच्या खात्याचा पासवर्ड तिच्याकडेच राहू दे. गेमिंग लॅपटॉपची बॅटरीही लवकर उतरते, आणि प्लग काढून खेळलं तर ग्राफिक्स कार्ड आपला वेग मुद्दाम कमी करतं, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेही भिंतीजवळ बसूनच मिळतं.

रॅमबद्दल थोडं जास्त सांगते, कारण फसवणूक इथे सगळ्यात सोपी असते. आतलं ग्राफिक्स स्वतःची वेगळी मेमरी घेऊन येत नाही, ते रॅममधलीच वापरतं. १६ जीबी रॅम एकाच पट्टीत असेल तर ती एका दाराच्या बससारखी. माणसं तेवढीच, पण चढ-उतार एकाच दारातून. ८ आणि ८ अशा दोन पट्ट्या असल्या की दुसरं दार उघडतं, याला ड्युअल चॅनल म्हणतात, आणि खेळांमध्ये त्याचा फरक डोळ्यांना दिसतो. इंटेल तर याबाबत इतकं कडक आहे की एकच पट्टी असेल तर त्यांच्या चांगल्या ग्राफिक्सचं आयरिस एक्सई किंवा आर्क हे नावच स्क्रीनवर दिसत नाही, नुसतं साधं ‘इंटेल ग्राफिक्स’ किंवा ‘यूएचडी’ दिसतं. दुकानात तपासायला सोपं आहे. लॅपटॉप चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. किती स्लॉट वापरात आहेत ते तिथेच लिहिलेलं असतं. काही पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. अशा मॉडेलमध्ये १६ जीबी पहिल्यापासून असली तर हरकत नाही, ८ जीबी असेल तर घेऊच नका. ‘आत्ता ८ घ्या, पुढच्या वर्षी वाढवू’ हा सल्ला पूर्वी मीच द्यायचे. आता देत नाही. एआयच्या मोठाल्या डेटा सेंटरनी मेमरी उचलायला लागल्यापासून, २०२५ च्या शेवटी रॅमच्या किमती चांगल्याच चढल्या. लागणारी रॅम पहिल्याच दिवशी घेतलेली बरी.

कुणीतरी बहुतेक मॅकबुकचाही विषय काढला असेल. ॲपलचं मशीन उत्तम आहे, बॅटरी दिवसभर टिकते, पण व्हॅलोरंट मॅकवर चालतच नाही, आणि कॉलेजची लॅब विंडोजवर असेल तर मुलीला प्रत्येक प्रॅक्टिकलला वेगळी वाट काढावी लागेल. हा विषय तिथेच सोडा.

आता सर्व्हिसकडे येते. ब्रँडचा विचार करायचा तो इथे, आणि गोव्यात तर नक्कीच.

काही वर्षांपूर्वी माझा स्वतःचा लॅपटॉप ऐन आषाढात बंद पडला. वॉरंटी होती, तरी बोर्ड गोव्यात नव्हता, बाहेरून मागवावा लागला. रोज फोन, रोज ‘उद्या येईल’. लॅपटॉप हातात आला तेव्हा चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन गेली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर दुसऱ्या कंपन्यांचे लॅपटॉप वापरणाऱ्या शेजाऱ्यांनीही हेच सांगितलं. पण त्या दोन महिन्यांत माझं काम कसं अडलं ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी लॅपटॉप घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करते, घेतल्यानंतर नाही.

तुम्हीही तसंच करा. ज्या दोन मॉडेलवर येऊन थांबाल त्यांच्या सर्व्हिस सेंटरला मुलीला फोन करायला सांगा. विचारायचं ते असं: आमच्या पिनकोडवर माणूस घरी येतो का, की लॅपटॉप पणजी-मडगावला आणून द्यावा लागतो? या मॉडेलचा कीबोर्ड आणि स्क्रीन गोव्यात शिल्लक असतो का? बॅटरीची वॉरंटी किती महिन्यांची? पडून किंवा पाणी सांडून खराब झाला तर त्याचं वेगळं संरक्षण विकत मिळतं का, आणि किती दिवसांच्या आत घ्यावं लागतं? जी कंपनी या प्रश्नांना सरळ उत्तरं देईल, तिला प्रोसेसर सारखाच असताना हजार-दीड हजार जास्त द्यायला मी मागेपुढे पाहणार नाही. रोज बसने जाणाऱ्या लॅपटॉपला ते अपघाती संरक्षण घ्याच. पासष्टमधले चार-पाच हजार त्यासाठी, बॅगेसाठी आणि अचानक वाढलेला वीजदाब अडवणाऱ्या चांगल्या स्पाइक गार्डसाठी आधीच वेगळे काढून ठेवा.

बिलावर सिरियल नंबर असायलाच हवा. घरी आल्यावर तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर घालून वॉरंटी कुठल्या तारखेपासून धरली आहे ते बघा. माल दुकानात बरेच दिवस पडून असेल तर कधी कधी तारीख आधीचीच दिसते, तेव्हा बिल पाठवून ती दुरुस्त करून घेता येते. हे पहिल्या आठवड्यातच करा.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. कळंगुट-कोलव्याकडच्या घरांत खारं वारं लॅपटॉपच्या आतले जोड खातं. तुमच्याकडे सत्तरीत खार नाही, पण ओल मात्र भरपूर. पावसाळ्याचे चार महिने कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे बंद बॅगेत पडलेला लॅपटॉप कसा सुटेल? पावसात तो रोज थोडा तरी चालवा, आतल्या उबेने ओल बाहेर पडते. खिडकीजवळ किंवा गळक्या भिंतीला लागून ठेवू नका. बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि महिन्या-दोन महिन्यांनी बदला. मुलगी भिजून आली तर बॅगेतून काढून अर्धा तास उघडा ठेवायचा, मगच चालू करायचा. बॅगेला बाहेरून कव्हर असलं तरी आत लॅपटॉपला एक साधी प्लास्टिकची पिशवी असू दे, कारण बसच्या खिडकीतून पाणी कुठून येईल सांगता येत नाही. गडगडायला लागलं की चार्जर काढा आणि राउटरचीही पिन काढा.

जुन्या घरात अर्थिंग नसतं, हे मात्र आधी बघाच. धातूच्या बॉडीवर मनगट ठेवल्यावर झिणझिण्या आल्या तर लॅपटॉपला दोष देऊ नका, वायरमनला बोलवा. चार्जरची तिसरी पिन कापून दोन पिनच्या बोर्डात खुपसणारी घरं मी पाहिली आहेत. तसं कृपा करून करू नका, मुलं त्यावर तासन् तास हात ठेवून बसणार आहेत.

घरीच वापरताना लॅपटॉप बराच वेळ प्लगला लागलेला राहणार असेल, तर कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बहुतेक असते. ती चालू करा, बॅटरी जास्त वर्षं टिकते. कॉलेजच्या आदल्या रात्री तेवढी बंद करून पूर्ण भरून घ्या.

तुमच्या मराठी ठरावांबद्दल मुद्दाम लिहिते, कारण पत्रात तुम्ही स्वतःची गरज एका ओळीत उरकली आहे. विंडोज ११ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच असतो. सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की इंग्रजी अक्षरांवरून देवनागरी उमटते, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको, कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपवर चालतं. मुलीकडून एका संध्याकाळी बसवून घ्या. तुमचंही स्वतःचं खातं त्यात असू दे, बचत गटाचे कागद मुलांच्या फोल्डरमध्ये हरवायला नकोत.

खरेदीला मुलीला घेऊनच जा, आणि तिची कॉलेजची बॅग बरोबर न्या. दुकानात लॅपटॉप मांडीवर घेऊन तिला चार ओळी टाइप करायला सांगा. कीबोर्ड मध्ये दबतो का बघा. झाकण एका हाताने उघडा, बिजागरी करकरत असेल तर दुसरं मॉडेल मागा. स्क्रीन बाजूने पाहिल्यावर रंग उलटे दिसत असतील तर तो नको, आणि दिव्यांखाली चकचकीत दिसणारा स्क्रीन दुकानाच्या दाराशी उजेडात आणून पाहा, पडवीत बसून वाचता येईल का ते तिथेच कळेल. शेवटी वह्या, डबा, छत्री असलेल्या तिच्या बॅगेत तो चार्जरसकट घालून तिच्या पाठीवर द्या, आणि तिला दुकानाबाहेर पाच मिनिटं फिरून यायला सांगा. ती आत येऊन काय म्हणते ते ऐकून मगच बिल करा.